पातळ थर का फाटतात? डीवेटिंगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पॉलिस्टायरीन आपल्या ओळखीचंच. थर्मोकोल हे त्याचंच फुगवलेलं रूप. ते टोल्यूइनमध्ये विरघळवून त्याचे थेंब सिलिकॉनच्या चकतीवर टाकले आणि चकती गरगर फिरवली, की द्रावक उडून जातो आणि मागे आरशासारखा गुळगुळीत थर उरतो. त्याची जाडी जेमतेम काही दहा नॅनोमीटर, केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ही चकती तापवली की थरात भोकं पडतात, ती वाढत जातात आणि अखेरीस पृष्ठभागावर नुसते थेंब राहतात. याला डीवेटिंग म्हणतात. प्रयोगशाळेत हे रोज दिसतं, तरी त्याबद्दलचे काही समज चुकीचे आहेत.

गैरसमज १ : प्लास्टिक घन असतं, ते वाहणार कसं?

वस्तुस्थिती : पॉलिस्टायरीनच्या लांबलचक साखळ्या साधारण १०० अंश सेल्सिअसच्या खाली जागच्या जागी जखडलेल्या असतात. त्याच्या वर त्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि पॉलिमर घट्ट द्रवासारखं वागतं. ग्युंटर राइटर यांनी १९९२ मध्ये १०० नॅनोमीटरहून पातळ थर असेच तापवून पाहिले. आधी भोकं, मग भोकांच्या कडा भिडून तयार झालेली बहुभुजांची जाळी आणि शेवटी त्या जाळीचे तुटून झालेले थेंब, असा सगळा क्रम त्यांनी नोंदवला.

गैरसमज २ : भोकाच्या जागचं पॉलिमर उडून जातं.

वस्तुस्थिती : काहीच उडत नाही. भोकातून मागे सरलेलं पॉलिमर त्याच्या काठावर उंचवट्यासारखं साठतं. भोक जितकं मोठं, तितका काठ जाड. थेंब झाल्यावरही एकूण पॉलिमर तेवढंच असतं.

गैरसमज ३ : भोकं पडली म्हणजे धूळ बसली असणार.

वस्तुस्थिती : धूळ, सूक्ष्म बुडबुडे किंवा पृष्ठभागावरचे दोष यांमुळे भोकं पडतात हे खरं. पण निर्दोष थरही फाटू शकतो. उष्णतेमुळे द्रवाच्या पृष्ठभागावर सतत बारीक लाटा उठत असतात. पृष्ठताण त्या सपाट करू पाहतो. उलट, रेणूंमधलं व्हान डर वाल्स बल काही थरांमध्ये द्रवाला पातळ जागेकडून जाड जागेकडे ढकलतं. फार आखूड लाटा पृष्ठताण मोडून काढतो. फार लांब लाटांसाठी द्रवाला दूरचा प्रवास करावा लागतो, म्हणून त्या रेंगाळतात. मधल्या एका लांबीची लाट सर्वांत वेगाने वाढते आणि थर ठरावीक अंतरांवर फाटतो. याला स्पिनोडल डीवेटिंग म्हणतात. या गणिताचा पाया एली रुकेनस्टाइन आणि राकेश जैन यांच्या १९७४ च्या कामात आहे. रुकेनस्टाइन यांचे विद्यार्थी, आयआयटी कानपूरचे आशुतोष शर्मा यांनी पुढे हा विषय बराच विस्तारला.

या गणितानुसार जाडी दुप्पट झाली, तर भोकांमधलं अंतर चौपट होतं आणि फाटायला लागणारा वेळ ३२ पट. म्हणून काही नॅनोमीटरचा थर लवकर फाटतो, तर जाड थर याच कारणाने फाटायला इतका काळ लागतो, की त्याआधी एखादा दोषच त्याला गाठतो.

उलट बाजूची चूकही होते. भोकं दिसली की स्पिनोडल, असं लगेच म्हणता येत नाही. कारिन याकोब्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये भोकांच्या जागांचं सांख्यिकी विश्लेषण केलं. त्यांनी तपासलेल्या थरांत भोकं यादृच्छिक विखुरलेली निघाली. म्हणजे कारण दोषांचं होतं. शिवाय चकती फिरवताना द्रावक झटकन उडाल्याने साखळ्यांत ताण अडकून राहतो, तोही थर फाडायला हातभार लावतो.

गैरसमज ४ : थर ज्याला चिकटतो, त्या पृष्ठभागावरच सगळं ठरतं.

वस्तुस्थिती : हा सर्वांत पक्का बसलेला समज. २००१ मध्ये राल्फ झेमान, श्टेफान हेर्मिंगहाउस आणि याकोब्स यांनी सिलिकॉनच्या चकत्यांवर वेगवेगळ्या जाडीचं ऑक्साइड ठेवून पॉलिस्टायरीन पसरवलं. पॉलिमरला स्पर्श करणारा पदार्थ दोन्हीकडे तोच. तरी सुमारे १९० नॅनोमीटर ऑक्साइडवर काही नॅनोमीटरचा थर आपोआप अस्थिर झाला. जेमतेम दोन नॅनोमीटर ऑक्साइड असताना मात्र काही नॅनोमीटरहून जाड थर फाटायला दोष लागला. कारण व्हान डर वाल्स बल ऑक्साइड ओलांडून खालच्या सिलिकॉनपर्यंत पोचतं. ऑक्साइड पातळ असेल, तर न शिवलेलं सिलिकॉनही थराला धरून ठेवतं.

गैरसमज ५ : स्वतःच्याच जातीच्या पॉलिमरवर थर नक्की टिकेल.

वस्तुस्थिती : पृष्ठभागावर पॉलिस्टायरीनच्या साखळ्या एका टोकाने दाटीवाटीने रोवलेल्या असतील, तर वरच्या लांब साखळ्यांना त्यांच्यात शिरायला जागा मिळत नाही. मग पॉलिस्टायरीन पॉलिस्टायरीनवरूनच मागे सरतं.

गैरसमज ६ : डीवेटिंग अटळ असतं आणि त्यातून नुकसानच होतं.

वस्तुस्थिती : पॉलिस्टायरीनमध्ये थोडं फुलरीन, म्हणजे ६० कार्बन अणूंचे गोल रेणू, मिसळले तर डीवेटिंग दबतं. साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना जोडणं हाही मार्ग आहे. दुसरीकडे, पृष्ठभागावर आधीच नक्षी आखली, तर थेंब ठरवलेल्या जागी जमतात आणि फाटण्यातूनच सूक्ष्म रचना घडवता येते.

म्हणून थर फाटला, की आधी धुळीला दोष देण्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात : जाडी किती, खाली एकूण कोणकोणते थर आहेत, आणि तो कसा पसरवला व सुकवला. उत्तर बहुधा यांतच सापडतं.