उतारवयातील गोळाफेक : शेतकऱ्याच्या अंगाला झेपेल काय?

धर्मग्रामाच्या सणाला खेळांच्या स्पर्धा होतात. मुलांना धावण्याची शर्यत, तरुणांना रस्सीखेच व गोळाफेक, आणि वडीलधाऱ्यांना फार तर लिंबू-चमचा. कालपरवापर्यंत भाताचे पोते पाठीवर घेऊन माळ्यावर चढविणारा आमचा पन्नाशी उलटलेला शेतकरी मंडपातल्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवितो. विचारले तर म्हणतो, ‘‘आता आमचे वय झाले.’’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर म्हटले जाते असे आम्हाला वाटते.

जगात इतरत्र तसे नाही. वयस्क खेळाडूंची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा १९७५ साली कॅनडातील टोरोंटो येथे झाली, आणि तेव्हापासून हा खेळ वाढतच गेला. त्यात वयाची ३५ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही प्रवेश असतो. ३५ ते ३९, ४० ते ४४ अशा पाच-पाच वर्षांच्या गटांत खेळाडू आपल्याच वयाच्या माणसांशी झुंजतात. नव्वदी-शंभरी पार केलेल्यांसाठीही गट आहेत. गंमत अशी, की एरवी वय चोरणारी माणसे येथे पुढच्या वाढदिवसाची वाट पाहतात, कारण ७० वर्षांचा झालेला माणूस आपल्या नव्या गटात सर्वांत तरुण असतो!

वयाबरोबर गोळ्याचे वजनही उतरते. पुरुषांना ४९ वर्षांपर्यंत ७.२६ किलोचा पूर्ण गोळा, पन्नाशीत ६ किलोचा, साठीत ५ किलोचा, सत्तरीत ४ किलोचा आणि ऐंशीनंतर ३ किलोचा. स्त्रियांना ४९ पर्यंत ४ किलो, ५० ते ७४ पर्यंत ३ किलो व पुढे २ किलो. म्हणजे सत्तरीतल्या आजोबांच्या हाती जो गोळा येतो, तोच ऑलिंपिकमध्ये तरण्याताठ्या स्त्रिया फेकतात. थाळी पुरुषांना साठीनंतर १ किलोची मिळते. स्त्रियांना ७४ पर्यंत १ किलोचीच, पुढे पाऊण किलोची. भालाही असाच हलका होत जातो.

आता कोणी विचारील, दिवसभर शेतात राबणाऱ्याला हा आणखी व्याप कशाला? याचे उत्तर आपल्या स्नायूंत आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत शरीरातील स्नायू सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. परंतु ताकदीच्याही आधी जाते ती चपळ ताकद, म्हणजे झटक्यात जोर लावण्याची शक्ती. साठीतला शेतकरी जड पोते सावकाश उचलू शकतो, पण बांधावर पाय घसरला तर दुसरा पाय पटकन पुढे टाकून सावरणे त्याला जमत नाही. तो पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि पुष्कळदा तेथून अंथरूण सुटत नाही. आपल्या कितीतरी घरांनी हे पाहिले आहे.

पूर्वी ही चपळ ताकद शेतीच राखत असे. खाली उभा राहून गंजीवर पेंढ्या फेकणारा, पाटी भरून डोक्यावर देणारा, जोंधळ्याच्या मचाणावरून गोफण फिरविणारा, हे सगळे फेकीचेच व्यायाम होते. आता ट्रॅक्टर व मळणीयंत्र आले. त्याबद्दल तक्रार नाही, कंबर वाचली. पण जी कामे हाती उरली त्यांत वाकून राहणे अधिक आणि झटका कमी. गोळाफेक ही हरवलेली हालचाल परत देते, व तीही मोजून-मापून.

हे ज्यांनी करून दाखविले त्यांतली एक बाई काही वर्षे आपल्या महाराष्ट्रात राहिली. दीपा मलिक यांचा जन्म हरियाणातला. पती सैन्यात. १९९९ साली मणक्यातील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे छातीखालचे शरीर लुळे पडले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते व पदरी दोन मुली होत्या. अहमदनगर येथे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, त्यांनी खाणावळ चालविली आणि तेथूनच त्या खेळाकडे वळल्या. प्रथम पोहणे, मग भाला, मग गोळा. २०१६ च्या सप्टेंबरात रिओच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ४.६१ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. पॅरालिंपिकमध्ये पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्या वेळी त्यांच्या शेहेचाळिसाव्या वाढदिवसाला तीन आठवडेही उरले नव्हते. ४.६१ मीटर म्हणजे कितीसे, असे कोणी म्हणेल. त्याने खुर्चीला पाय बांधून घेऊन, कंबरेचा जोर अजिबात न लावता गोळा फेकून पाहावा.

दिल्लीजवळच्या खेड्यातील भगवानी देवी डागर या आजीबाईंनी २०२२ साली फिनलंडमधील टाम्पेरे येथे, वयाच्या ९४ व्या वर्षी, १०० मीटर धावण्यात सुवर्ण व गोळाफेकीत कांस्यपदक घेतले. कॅनडाच्या ओल्गा कोटेल्को तर शेतावरच वाढलेल्या. शाळेतील शिक्षिकेची नोकरी संपल्यावर, ७७ व्या वर्षी त्या मैदानी खेळांत आल्या आणि गोळा, भाला, हातोडा यांतले आपल्या वयोगटाचे विक्रम करीत राहिल्या. २०१४ साली त्या ९५ व्या वर्षी वारल्या. या बायका जन्मभर पैलवानकी करीत नव्हत्या हे ध्यानात घ्यावे.

आता फेकीचे तंत्र. गोळा ‘फेकायचा’ नसतो, ढकलायचा असतो. तो तळहातावर न घेता बोटांच्या मुळाशी धरावा आणि जबड्याखाली मानेला टेकवावा. क्रिकेटच्या चेंडूसारखा खांद्याच्या मागे नेऊन फेकला तर फेक बाद होते, शिवाय खांदाही जातो. उजव्या हाताने फेकणाऱ्याने फेकीच्या दिशेला पाठ करून उभे राहावे, भार उजव्या पायावर घेऊन गुडघा वाकवावा. मग उजव्या टाचेपासून उठत, आधी कंबर वळवावी, मग छाती, आणि हात सर्वांत शेवटी. डावा पाय खांबासारखा घट्ट रोवलेला असावा. गंजीवर पेंढी फेकणारा जाणता गडी नेमके हेच करतो. पेंढी त्याच्या हातातून जात असली तरी ती फेकतात त्याचे पाय. नवशिका नुसत्या दंडाने फेकतो आणि दुपारपर्यंत खांदा धरून बसतो.

गोळा सरळ वर टाकू नये व आडवाही मारू नये. जमिनीशी ३५ ते ३८ अंशांचा कोन बरा पडतो. पण कोनापेक्षा वेग महत्त्वाचा. वेग १० टक्क्यांनी वाढला तर अंतर १५ ते २० टक्क्यांनी वाढते. म्हणूनच आम्ही म्हणतो की हलक्या गोळ्याने झटका शिकावा, जड गोळ्याशी कुस्ती करू नये. टीव्हीवर खेळाडू मागे घसरत किंवा गिरकी घेऊन फेकतात ते पाहून नक्कल करण्याच्या फंदात पन्नाशीनंतर पडू नये. उभ्याने फेकणे नियमात बसते व गुडघ्यांना सोसते.

चारही फेकींत कोणती निवडावी? आमच्या मते आधी गोळा, मग थाळी. हातोडाफेक म्हणजे मोठी गोफणच : तारेच्या टोकाला लोखंडी गोळा, दुसऱ्या टोकाला मूठ, आणि अंगाभोवती फिरवून सोडायचा. फरक इतकाच की गोफणीतून दगड सुटतो व दोरी हाती राहते, येथे सगळेच जाते. भोवती जाळी व शिकविणारा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. भाला सर्वांत शेवटी, कारण वयाबरोबर खांद्याच्या आतले स्नायुबंध झिजतात आणि पुष्कळांना ते दुखल्याशिवाय कळतही नाही. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातले करगणी येथील शेतकऱ्याचे पुत्र सचिन खिलारी हे आधी भालाच फेकीत. खांदा दुखावल्यावर ते गोळ्याकडे आले, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर फेकून त्यांनी रौप्यपदक मिळविले. त्यांचा डावा हात लहानपणीच्या अपघाताने अधू झालेला आहे. भाला सोडल्याने त्यांचे काही बिघडले नाही, उलट बरेच झाले.

मैदान करणे शेतकऱ्याला अवघड नाही. भाताची मळणी उरकली की खळे असतेच, चोपलेले व सपाट. मध्यभागी खुंटी ठोकून १०७ सेंटिमीटर दोरीने चुन्याचे वर्तुळ काढावे. हेच गोळाफेकीचे २.१३५ मीटर व्यासाचे वर्तुळ. पुढे मसूर-वाटाणा न पेरलेले वावर असावे. त्यात वर्तुळाच्या मध्यापासून २० मीटर अंतरावर दोन खुंट्या अशा ठोकाव्यात की त्यांच्यामध्ये बरोबर १२ मीटर राहतील. मध्यापासून त्या खुंट्यांपर्यंत दोरी ताणली की नियमातली हद्द तयार होते. गोळा या हद्दीत पडला पाहिजे, आणि फेकणाऱ्याने वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायला हवे. अंतर मोजताना टेप गोळ्याने केलेल्या खुणेच्या जवळच्या कडेपासून वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंत धरावी.

गोळा विकतच आणला पाहिजे असे नाही. दुकानाच्या काट्यावर तोललेला गुळगुळीत दगड, किंवा जाड कापडात घट्ट शिवलेली वाळू सुरुवातीला पुरते. लोखंडी गोळा हवाच असेल तर उद्यमबागच्या ओतकामाच्या कारखान्यांत ओळख असलेले आपल्यात पुष्कळ आहेत. फेकताना हद्दीत मूल, गुरे, कुत्रे कोणीही नको. गोळा आणायला सर्वांनी एकदमच जावे, आणि परत येताना तो हातात घेऊन चालत यावे, तिकडून फेकू नये. सणाच्या गर्दीत एवढे पथ्य पाळले नाही तर तीन किलोचा गोळाही डोके फोडील.

आठवड्यातून दोन दिवस पुरेत, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती. वय झाल्यावर स्नायू लवकर तयार होतात पण त्यांना हाडांशी बांधणारे स्नायुबंध मागे राहतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमले’ असे वाटते तेव्हाच दुखापती होतात. पहिला महिना आपल्या गटाच्या वजनाच्या निम्म्यानेच फेकावे. आधी दहा मिनिटे चालणे, खांदे व कंबर फिरविणे, बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठणे. मग १२-१५ फेकी, बस्स. भात लावणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत गोळ्याला हात लावू नये, अंग तेवढ्यानेच थकलेले असते.

ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. फेकताना श्वास कोंडू नये, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. हाऽ असा आवाज करीत श्वास सोडावा, कोणी हसले तर हसू द्यावे. हर्निया असलेल्यांनी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आणि कंबरेतून पायात कळ जाणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून सुरुवात करू नये. पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. त्यांनी एक किलोपासून, अंगाला पीळ न देता आरंभ करावा. छातीत दाटले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबून दवाखाना गाठावा, घरी जाऊन लिंबूपाणी पीत बसू नये.

खाण्याबद्दल थोडेच सांगतो. भात-आमटीत भात फार व आमटी पातळ, ही आपली खोड. साठ किलोच्या वयस्क माणसाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिने हवीत. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे २४ ग्रॅम असतात, एका अंड्यात ६. तेव्हा आमटी दाट करावी, सोबत दूध, शेंगदाणे, सुकी मासळी असावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

ज्यांना पुढे जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्पर्धेत उतरायचे असेल त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. तेथे गट वयावर ठरतो, म्हणून जन्मतारखेचा पुरावा लागतो, आणि परदेशी जायचे तर पासपोर्ट. आपल्या पिढीतील कितीतरी जणांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचाच आहे, कारण गुरुजींनी तीच तारीख घातली! बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बहुतेकांची खरी तारीख सापडते. ती आधी पाहून घ्यावी, आणि दाखला, आधार व पासपोर्ट यांवर एकच तारीख आहे की नाही हे तपासावे. फरक असल्यास दुरुस्तीला महिने लागतात, त्यामुळे स्पर्धेचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात हे काम काढू नये.