वायूची चाहूल

जबलपूरच्या गोहलपूर वस्तीतील एखाद्या घरी पहाटे चहाचे आधण ठेवण्यापूर्वी गृहिणी क्षणभर थबकते आणि वास घेते. स्वयंपाकाचा गॅस मुळात बिनवासाचा. त्याला उग्र दर्प येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नामक द्रव्यामुळे. म्हणजे घरोघरीचा पहिला वायुसंवेदक माणसाचे नाकच होय. परंतु हा पहारेकरी फारसा भरवशाचा नव्हे. सर्दीने तो बधिर होतो, एकच वास सतत आला की त्यास सरावतो आणि रात्री धन्याबरोबर तोही झोपी जातो. कार्बन मोनॉक्साइडसारख्या वासहीन विषापुढे तर त्याचे काहीच चालत नाही.

शरीरावर विसंबण्याची किंमत किती भयंकर असते, हे त्याच मध्य प्रदेशातील भोपाळने दाखवून दिले. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटची गळती कामगारांच्या ध्यानी आली ती डोळे चुरचुरू लागल्यावर. मध्यरात्रीनंतर तो वायू निद्रिस्त शहरावर पसरला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली.

नाकाहून जागरूक असे साधन शोधण्याचा प्रयत्न जुनाच आहे. हम्फ्री डेव्ही यांच्या १८१५ मधील दिव्याची ज्योत खाणीत ज्वालाग्राही वायू असला की निळसर टोपी धारण करी. पुढे १९६२ मध्ये जपानच्या नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक पुढे आणला. त्याचे मर्म सोपे आहे. हे ऑक्साइड तापविले की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो व त्यातील इलेक्ट्रॉन अडवून धरतो. साहजिकच विजेला होणारा विरोध वाढतो. ज्वालाग्राही वायू आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, विरोध घटतो आणि घंटा वाजते.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. हा संवेदक स्पिरिटच्या वाफेनेही फसतो आणि पावसाळी दमट हवेत त्याचे माप ढळते. पॅलेडियमसारख्या धातूचा अंश मिसळून, तापमान बदलून त्याला विशिष्ट वायू ओळखावयास शिकवावे लागते. कारण लांडगा आला रे आला असे दहादा खोटेच ओरडणारे यंत्र घरचा माणूस अकराव्या वेळी बंद करून ठेवतो आणि नेमका तेव्हाच लांडगा येतो.

जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. टाकीतील गॅस हवेहून जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. नळातून येणारा मिथेन हलका, म्हणून तो छताकडे चढतो. पहिल्यासाठी संवेदक खाली हवा, दुसऱ्यासाठी वर. तसेच जुना झालेला संवेदक वेळीच बदलावयास हवा. पहारेकरी नेमला म्हणजे घरधन्याची जबाबदारी संपत नाही. तो जागा आहे की नाही, हे पाहणे त्याच्याकडेच राहते.