जादूचं पाणी की नुसतं पाणी?

पाणी ‘अल्कधर्मी’ करणारं यंत्र हल्ली विकायला येतं. किंमत हजारांत, कधी लाखातसुद्धा! विक्रेते म्हणतात, “हे पाणी प्या, रक्तातलं आम्ल जाईल, रोग पळतील.” खरं असेल का? चला, तपासू या!

आम्ल-अल्क मोजायचं माप म्हणजे सामू. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी ते १९०९ साली मांडलं. सामू ७ म्हणजे उदासीन. कमी तर आम्ल, जास्त तर अल्क. यंत्र पाण्यातून वीज सोडतं. ऋण टोकाजवळचं पाणी अल्कधर्मी होतं, सामू साधारण ८ ते ९.५. इथवर शास्त्र खरं!

पण जठररसाचा सामू असतो १.५ ते ३.५. त्यात पडताच पाण्याचा अल्कपणा संपतो. आणि रक्त? ते मुळातच किंचित अल्कधर्मी, ७.३५ ते ७.४५. हा तोल फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, फुकटात!

करून पाहा. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. त्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. रंग हिरवट होईल. आता लिंबू पिळा. फसफसून रंग लालसर! जठरातही अल्काचं असंच होतं.

या पाण्याने रोग बरे होतात, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून आजीचं रक्तदाबाचं औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाणी स्वच्छ हवं, एवढं खरं. शंका आली तर उकळा. जंतू त्याने मरतात!