गोंदिया : रेल्वेने वसविलेले, धानाने पोसलेले शहर

अमेरिकेच्या मध्यभागी प्रेअरी या नावाने ओळखला जाणारा विस्तीर्ण, सपाट व गवताळ प्रदेश आहे. तेथील पुष्कळशी शहरे एकाच रीतीने जन्मास आली. आधी लोहमार्ग आला. मग स्टेशन, स्टेशनाजवळ धान्याची कोठारे, कोठारांजवळ गिरणी, आणि या सर्वांच्या मागोमाग दुकाने, शाळा व वस्ती. उत्तर डाकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स हे त्यांपैकीच एक मध्यम शहर होय. १८८० साली तेथे रेल्वे पोहोचली, दुसऱ्याच वर्षी त्यास नगराचा दर्जा मिळाला, आणि २०२० च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या एकोणसाठ हजारांच्या घरात भरली. भोवताली गहू, मधून रेल्वे आणि गव्हाचे पीठ करणारी एक मोठी गिरणी, असे त्याचे स्वरूप आहे. या गिरणीविषयी पुढे सविस्तर सांगावयाचे आहे. कारण तिच्या इतिहासात आपल्या धानवाल्या कास्तकारांस घेण्यासारखे काही आहे.

आपल्या गोंदियाची कुळकथाही याच जातीची. भंडारा, पवनी ही नगरे जुनी. त्यांस किल्ला आहे, देवळे आहेत, नदीचा घाट आहे. गोंदियास यांतले काही नाही. आसपासच्या जंगलातून गोंद व लाख गोळा करून आणणाऱ्यांचे हे लहानसे ठिकाण होते व गोंदावरूनच गावास नाव पडले, असे सांगतात. छत्तीसगडचे धान्य नागपुराकडे व तेथून पुढे मुंबईकडे नेता यावे म्हणून १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपूर ते राजनांदगाव असा मीटरगेज मार्ग झाला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला व पुढे कलकत्त्यापर्यंत पोहोचविला. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेस बालाघाट-नैनपुरावरून जबलपुराकडे आणि दक्षिणेस नागभीडवरून चांद्याकडे असे अडीच फुटी छोट्या गाडीचे दोन फाटे निघाले, आणि चार दिशांचा माल गोंदियाच्या फलाटावर उतरू लागला. छोट्या गाडीतून आलेला माल मोठ्या गाडीत चढविण्यासाठी हमाल लागले, तो ठेवण्यासाठी वखारी लागल्या, वखारींसाठी व्यापारी आले. गाडी बदलावी लागणे ही प्रवाशाची अडचण खरी. पण शहराचे भाग्य त्या अडचणीतूनच उघडले. हे दोन्ही फाटे आता रुंद झाले आहेत. चांद्याचा विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला आणि जबलपुराचा टप्प्याटप्प्याने होत अगदी अलीकडे पुरा झाला.

राज्ये बदलली तरी गाव तेथेच राहिले. मध्यप्रांत, १९५० पासून मध्यप्रदेश, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र, अशी चार दप्तरे एका माणसाच्या हयातीत झाली. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्हा विभागून गोंदिया हे आठ तालुक्यांच्या नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण ठरले. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे जिल्ह्यात सव्वातेरा लाखांच्या आसपास आणि शहरात सव्वा लाखाहून अधिक वस्ती होती. बाजारात उभे राहिले असता मराठी, हिंदी, पोवारी, गुजराथी, मारवाडी व सिंधी इतक्या बोली कानी पडतात. गोंडी ऐकावयाची तर सालेकसा-देवरीकडील मंडळी आलेली असावी लागतात. बालाघाटची हद्द उत्तरेस लागूनच आहे, आणि पूर्वेस दरेकशाची डोंगररांग ओलांडली की छत्तीसगड लागते. यामुळे येथील भाव एका राज्याच्या हुकमाने कधीच ठरत नाही.

गोंदियास पहिला मोठा पैसा मिळाला तो मात्र जंगलाचा. तेंदूपत्ता जवळ, मजुरी स्वस्त आणि रेल्वे दाराशी, यामुळे गुजराथी व्यापाऱ्यांनी येथे विडीचे कारखाने काढले. त्या धंद्यातील मनोहरभाई पटेल यांनी पुढे गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापून या भागात शाळा व महाविद्यालये उभी केली. आज शिकलेली पुष्कळ कास्तकारांची मुले त्या वर्गांतून गेलेली आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. अलीकडच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. तिरोड्यास ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र झाले. २०१६ साली गोंदियास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिकांची शिक्षणसंस्था आली, आणि २०२२ साली तेथून प्रवासी विमानही उडाले. ही सर्व भूषणे चांगली आहेत. परंतु ती काढून ठेविली तरी शहर चालेल. धान काढून घेतले तर चालणार नाही.

आणि हे धान पिकते पाण्यावर. वैनगंगा, वाघ, चुलबंद व गाढवी यांच्या खोऱ्यांत उतरत्या जमिनीस बांध घालून केलेल्या बांध्या, आणि त्यांच्या डोक्यावर तलाव, ही येथील जुनी रचना आहे. कोहळी समाज ऊस लावण्यात व तलाव बांधण्यात पूर्वीपासून निष्णात. नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. मालगुजारी पद्धती १९५१ साली उठली व गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. आज त्यांस मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नाव विनोदी आहे, पण मामाच्या घरी भाच्याचे जसे लाड होतात तसे या तलावांचे झाले नाहीत. पुष्कळांच्या पोटात गाळ साचला, पाळीवर झाडे वाढली आणि तुडुंब भरलेला तलाव माघातच उघडा पडू लागला. गाढवी नदीवरील इटियाडोह, वाघ नदीवरील सिरपूर आणि पुजारीटोला यांसारख्या मोठ्या धरणांनी उन्हाळी धान शक्य केले, हा त्यांचा उपकार मोठा होय. तरी पऱ्हे टाकून मृगापासून रोवणीसाठी आभाळाकडे पाहत बसणारा कास्तकार अजून ज्या पाण्यावर विसंबतो, ते बहुधा गावच्या तलावाचेच असते. याच बांध्यांतून सारस पक्ष्यांची जोडपी घरटी करतात. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ याच टापूत उरला आहे.

आता गिरणीकडे वळू. शहराच्या बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्याने गेले असता राईस मिलांची धुरांडी व तुसाचे ढीग दिसतात. आत काय होते ते बहुतेकांनी पाहिले असेल, परंतु त्याचा हिशेब थोड्यांनीच मांडला असेल. एक क्विंटल धान गिरणीत घातले असता सुमारे २० किलो तूस निघते, ७-८ किलो कोंडा निघतो, आणि उरलेला बहुतेक भाग तांदूळ व कणी होतो. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलास अरवा तांदूळ ६७ किलो किंवा उकडा ६८ किलो परत देण्याचे बंधन आहे. भरडाईची मजुरी निराळी मिळते आणि तूस व कोंडा गिरणीकडेच राहतो. तूस बॉयलरखाली जळते, म्हणजे उकड्यासाठी लागणारी वाफ फुकटात मिळते. कोंड्यात शेकडा १५ ते २० तेल असते. ते काढले की राहिलेली पेंड ढोरांच्या खुराकास जाते. कणी पोह्याला नसली तरी पिठाला, कोंबड्यांना व मद्याला चालते. तात्पर्य, ज्यास आपण टाकाऊ म्हणतो त्यातील एकही पदार्थ शहरात टाकला जात नाही.

शेतकऱ्याने भाव मागावयाचा तो मात्र केवळ धानाचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलास २३६९ रुपये व अ प्रतीच्या धानाचा २३८९ रुपये ठरविला. दोन प्रतींतील अंतर अवघे २० रुपयांचे! बारीक, खाण्यास गोड वाण लावून एकरी उतारा कमी घेणाऱ्याने या वीस रुपयांत काय समजावे? बाजारात बारीक तांदळास पुष्कळ अधिक दर मिळतो, पण तो तांदूळ झाल्यावर. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीतील वेगळ्या लोंब्या निवडून ज्या बारीक वाणास जन्म दिला, तो एच. एम. टी. नावाने घरोघरी गेला, गिरण्यांत गेला, दुकानांच्या पाट्यांवर चढला. दादाजी २०१८ साली वारले. त्या वाणाने पुष्कळांस धनवान केले. त्यांस स्वतःस केले नाही.

आता ग्रँड फोर्क्सची गोष्ट. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उत्तर डाकोटातील गहू-शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे हेच होते. गहू त्यांचा, पण त्याची प्रत ठरविणारे व कसर कापणारे लोक दूरच्या मिनिआपोलिस शहरातील. हलका म्हणून पडत्या भावाने घेतलेल्या गव्हाचे पीठ चांगले होते की वाईट, हे फार्गो येथील कृषि महाविद्यालयाचे रसायनशास्त्रज्ञ एडविन लॅड यांनी स्वतः दळून पाहिले, तेव्हा त्या हलक्या गव्हापासूनही उत्तम पीठ होते असे दिसून आले. १९१५ साली शेतकऱ्यांनी नॉनपार्टिझन लीग नावाची संघटना काढली, निवडणुका जिंकल्या, आणि १९१९ साली राज्याच्या मालकीची बँक व राज्याच्या मालकीची गिरणी यांचे कायदे करून घेतले. गिरणी ग्रँड फोर्क्स येथे १९२२ साली सुरू झाली. आरंभीची कित्येक वर्षे ती तोट्यात चालली, विरोधकांनी हसून घेतले, बंद करा म्हणून ओरड झाली. ती बंद झाली नाही. आज शंभरांहून अधिक वर्षे ती राज्याच्या मालकीची आहे आणि तिच्या नफ्यातला भाग राज्याच्या खजिन्यात पडतो. तिने गव्हाचा भाव आकाशास भिडविला असे कोणी म्हणत नाही. पण दळणाऱ्यास काय सुटते हे शेतकऱ्यास कळू लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रात अशीच गोष्ट उसाच्या बाबतीत घडली. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागून कित्येक झाले. मग धानाचे का झाले नाही? भातगिरण्या सहकारी तत्त्वावर काढण्याचे प्रयत्न झाले, परंतु त्यांचा पसारा वाढला नाही. लेखकाच्या मते याचे कारण पिकाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत वाळून हलका होतो, म्हणून उसाच्या शेतकऱ्यास गिरणी हाती असल्याशिवाय गत्यंतर नाही. धान पुंजण्यात राहते, ढोलीत राहते, वर्षभर टिकते. टिकणाऱ्या मालाच्या शेतकऱ्यास एकत्र येण्याची निकड वाटत नाही. पण धान टिकले तरी त्याचा कास्तकार टिकत नाही. दिवाळीची उधारी, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज ही वाट पाहत नाहीत, आणि खरेदी केंद्र उघडण्यास विलंब झाला की धान खळ्यावरूनच व्यापाऱ्याच्या बैलगाडीत, आता ट्रॅक्टरात, चढते.

दुसरी अडचण कोंड्याची. गिरणीतून निघाल्याबरोबर त्यातील तेल खवट होण्यास आरंभ होतो, म्हणून तेलाचा कारखाना जवळ असावा लागतो व कोंडा रोजच्या रोज तेथे पोहोचवावा लागतो. पाच-दहा जणांनी मिळून एक लहान यंत्र बसविले तर तांदूळ चांगला होईल. कोंड्याचा मात्र ढोरांच्या खुराकापलीकडे उपयोग होणार नाही. तेवढ्यापुरता मोठ्या गिरणीचा वरचष्मा राहणारच. म्हणून सर्व धान आपणच भरडावे असे सांगण्यात अर्थ नाही. परंतु घरखर्चाचा आणि बारीक अथवा सुवासिक वाणाचा तांदूळ स्वतः करून विकावयास हरकत कोणती?

तसे करावयाचे तर कापणीपासूनच काळजी घेतली पाहिजे. धान बांधीत अगदी खडखडीत वाळू दिले, दिवसा ऊन व रात्री दव खात कडपा पडून राहिल्या, की दाण्यास आतून चीर जाते आणि गिरणीत कणीच कणी होते. दाण्यात थोडा ओलावा असताच कापावे, मळणीनंतर पातळ थरात, वारंवार हलवीत, सावकाश वाळवावे. खरेदी केंद्रावरही शेकडा १७ हून अधिक ओलावा चालत नाही. चिन्नोरासारख्या सुवासिक वाणास तर हे दुप्पट लागू आहे, कारण त्याचे मोल अख्ख्या दाण्यात व वासात आहे. बालाघाटच्या चिन्नोरास २०२१ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले, आणि त्या जिल्ह्याच्या नावाने तो तांदूळ विकण्याचा हक्क तेथील उत्पादकांस लाभला. बालाघाट गोंदियाहून अवघ्या चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर आहे.