लष्कर ते म्युनिक, व्हाया दिल्ली

१८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, असे कानावर आले होते. वाटेत बंड पेटले, झाशीत लूट झाली, गाठीचा पैसा गेला. भटजी घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. ‘माझा प्रवास’ शिकवताना मुले विचारतात, आज असते तर विम्याचे पैसे मिळाले असते का? नसते मिळाले. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींत युद्ध आणि बंड वगळलेले असते. पॉलिसीत काय मिळणार हे सगळे वाचतात, काय मिळणार नाही ते पान कुणी उलटत नाही.

हे पान वाचणारा माणूस मला ग्वाल्हेरलाच भेटला. लष्कर भागात माझी मावशी राहते. तिथली मराठी घरे शिंद्यांच्या काळापासूनची. आपल्या बेळगावच्या मराठीत कन्नड मिसळते तशी त्यांच्या मराठीत हिंदी. घरटी एखादे पोर परदेशात, त्यामुळे म्हातारी मंडळी दरवर्षी विमानात. मावशी आणि काका लेकीकडे म्युनिकला जातात. काकांची खाकी फाईल म्हणजे अनुभवाचे गाठोडेच.

त्यांच्या शेजाऱ्यांची गोष्ट काकांनी सांगितली. विम्याच्या फॉर्मवर त्यांनी मधुमेह लिहिला नाही. हप्ता वाढेल ही भीती. परदेशात छातीत कळ आली, इस्पितळात ठेवावे लागले आणि कंपनीने जुना आजार लपवल्याचे कारण देऊन दावा नाकारला. मुलगा अजून ते बिल फेडतो आहे. तेव्हापासून काका बीपीची साधी गोळीसुद्धा फॉर्मवर लिहितात. जुना आजार पॉलिसीत धरला आहे का आणि किती रकमेपर्यंत, हे ते कंपनीकडून लेखी घेतात. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण तेवढ्यावर थांबू नये असे त्यांचे मत आहे, आणि मलाही ते पटते. वारंवार जाणाऱ्यांसाठी वर्षभराची पॉलिसी मिळते. मात्र तिच्यात एका फेरीच्या दिवसांना मर्यादा असते. लेकीच्या बाळंतपणाला तीन महिने राहणाऱ्या आईने ती आधी पाहावी.

दिवसांवरून आणखी एक. शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. मध्ये घरी येऊन गेल्याने मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे प्रवाशांची ये-जा बोटांच्या ठशांसह संगणकावर नोंदवायला सुरुवात झाली आहे. तेव्हा ‘दोन-चार दिवस कोण बघतो’ हा हिशेब सोडावा.

ग्वाल्हेरला विमानतळ आहे, परदेशी विमान नाही. आपल्या सांबऱ्याचेही तेच. दिल्ली तीनशेच्या वर किलोमीटर, आणि डिसेंबर-जानेवारीत धुके असे की गाड्या तासन् तास उशिरा. म्हणून हिवाळ्यात काका आदल्या दिवशीच दिल्ली गाठतात. चोर्ला घाटातून मोप्याला जाणाऱ्या आपल्या लोकांनी पावसाळ्यात तसेच करावे. देशातले आणि परदेशाचे विमान एकाच तिकिटावर असले, तर पहिल्याच्या उशिराने दुसरे चुकल्यास पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटे काढून दोन हजार वाचवले, तर चुकलेले विमान आपल्याच खिशातून.

आता बायकांच्या खात्यातला विषय, बॅग. औषधे मूळ पाकिटातच, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खसखस दुबईत चालत नाही, तिथले विमान बदलताना सामानात असली तरी धोका; म्हणजे खसखशीचे अनारसे घरीच. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे आपला कुंदाही बाद. मावशी लेकीसाठी गजक नेते. तीळ आणि गूळ, दुधाचा थेंब नाही. डबा हातातल्या बॅगेत, कारण चेक-इन सामानात त्याचा भुगा होतो असे ती म्हणते.