विणीचा हंगाम आणि वजनकाटा

गळाने मासे पकडण्याच्या ज्या स्पर्धा अमेरिकेत भरतात, त्यांत सर्वाधिक मान बास या गोड्या पाण्यातील माशाच्या स्पर्धांना आहे. आणि त्यांतही दक्षिणेकडील राज्यांत तलावांचे पाणी हळूहळू तापू लागते त्या काळात, म्हणजे साधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत होणाऱ्या स्पर्धांकडे स्पर्धक आणि प्रेक्षक या दोघांचेही विशेष लक्ष असते. याचे कारण माशाच्या जीवनक्रमात आहे. एरवी खोल पाण्यात विखुरलेले मोठे बास या दिवसांत विणीसाठी काठाकडे येतात, अंड्यांनी भरलेल्या माद्यांचे वजन याच सुमारास सर्वाधिक असते आणि घरट्याची राखण करणारा नर जवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर धावून जातो. ज्या कारणांनी स्पर्धेला रंगत येते त्याच कारणांनी मासा सहज सापडतो, हा या खेळातील मूळ पेच आहे.

या स्पर्धांना आजचे संघटित रूप दिले ते अलाबामा राज्यातील रे स्कॉट या विमा विक्रेत्याने. त्याने जून 1967 मध्ये आर्कान्सामधील बीव्हर लेक या जलाशयावर शंभराहून अधिक स्पर्धक जमवून पहिली मोठी स्पर्धा घेतली, पुढच्याच वर्षी ‘बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी’ ही संघटना उभी केली आणि 1971 मध्ये नेवाडातील लेक मीडवर ‘बासमास्टर क्लासिक’ ही वार्षिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. मात्र वजन झालेले मासे मेलेले असत आणि त्यांच्या माळा मिरवल्या जात, यावर टीका होऊ लागली. तेव्हा स्कॉटने 1972 पासून मासे जिवंत ठेवून पुन्हा पाण्यात सोडण्याचा आग्रह धरला. पकडलेला मासा सोडून देणे हा आज या खेळाचा जवळजवळ धर्मच झाला आहे आणि त्याची सुरुवात या निर्णयापासून झाली.

स्पर्धेचे स्वरूप वरवर पाहता सोपे आहे. पहाटे नावा ठरलेल्या क्रमाने सुटतात, दिवसभर केवळ कृत्रिम आमिषे वापरून मासे धरले जातात आणि दुपारी नेमलेल्या वेळी वजनकाट्यापाशी परतावे लागते. उशीर झाल्यास दर मिनिटामागे एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम, वजा होतात. स्पर्धकाने दिवसभरात कितीही मासे पकडले, तरी मोजले जातात ते फक्त सर्वांत जड पाच. त्यामुळे पाच मासे मिळाल्यानंतरच खरी कसोटी सुरू होते, कारण सहावा मासा हाती आला की पाचांतील सर्वांत हलका कोणता हे ठरवून त्याला पाण्यात सोडावे लागते. हे मासे नावेतच बसवलेल्या, पंपाने ताजे पाणी आणि हवा पुरवणाऱ्या ‘लाइव्हवेल’ नावाच्या टाकीत ठेवतात. प्रत्येकाच्या ओठाला वेगळ्या रंगाची खूणचिठ्ठी अडकवलेली असते आणि तिच्यावरून कोणाचे वजन किती हे एका दृष्टिक्षेपात कळते. काट्यावर येईपर्यंत मासा मेला, तर त्याबद्दल वजन कापले जाते, म्हणूनच टाकीतील पाण्याची निगा हा स्पर्धकाच्या कौशल्याचाच भाग मानला जातो.

या सर्वांच्या मुळाशी असलेले विणीचे चक्र पाण्याच्या तापमानावर चालते. मोठ्या तोंडाचा बास हिवाळ्यात खोल भागात मंदावलेला असतो. पाणी तापू लागताच तो जुन्या नदीपात्रांच्या कडांवरून, पाणवनस्पतींच्या पट्ट्यांवरून टप्प्याटप्प्याने उथळाकडे सरकतो आणि तापमान साधारण 15 ते 20 अंश सेल्सियसच्या दरम्यान आले की वीण सुरू होते. नर शेपटीने तळाची माती झाडून वाडग्यासारखा गोल खळगा करतो, मादी त्यात हजारो अंडी घालून निघून जाते आणि पुढे अंड्यांची व पिलांची राखण काही आठवडे नरच करतो. महाराष्ट्रातील तळ्यांत मरळ जशी पिलांच्या थव्यावर पहारा देते, तसाच हा पहारा असतो. या काळात नर फारसे खात नाही, परंतु घरट्याजवळ आलेल्या आमिषाला तो शत्रू समजून तोंडात धरतो. स्पर्धक पाण्यावरची चमक कापणारा विशिष्ट चष्मा लावून तळाशी दिसणारा खळगा हेरतात आणि त्याच्या मध्यभागी पुन्हा पुन्हा आमिष टाकून नराला किंवा घरट्यावर आलेल्या मादीला चिडवतात.

मात्र बहुतेक मोठी वजने प्रत्यक्ष विणीच्या आधी, मासे उथळाच्या वाटेवर थांबलेले असताना मिळतात, आणि याचे उत्तम उदाहरण म्हणजे अलाबामातील लेक गंटर्सव्हिल. टेनेसी नदीवर 1939 मध्ये पुऱ्या झालेल्या धरणामुळे बनलेला हा सुमारे 28,000 हेक्टरांचा जलाशय दाट पाणवनस्पतींसाठी प्रसिद्ध असून, तेथे 15 इंचांपेक्षा लहान बास ठेवता येत नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये या तलावावर झालेल्या बासमास्टर क्लासिकमध्ये अखेरच्या दिवसापूर्वी रँडी हॉवेल अकराव्या स्थानी होता. त्या दिवशी त्याने एका पुलाच्या भरावाला लावलेल्या दगडांच्या कडेने ‘क्रँकबेट’ फिरवला. हे पुढे प्लास्टिकची चपटी जीभ असलेले, ओढताच थरथरत खाली बुडी मारणारे माशाच्या आकाराचे आमिष असते. खोल पाणी सोडून निघालेले बास अशा कठीण कडांशी जमतात, हा अंदाज खरा ठरला आणि हॉवेलच्या पाच माशांचे वजन 29 पौंड 2 औंस, म्हणजे 13 किलोंहून अधिक भरले. तीन दिवसांच्या एकूण वजनात त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाला केवळ एका पौंडाने मागे टाकले. पाण्याखाली दिसत नसलेला मासा आज वाटेच्या कोणत्या टप्प्यावर असेल, हे तापमान, वारा आणि तळाची रचना यांवरून ताडणे हेच या स्पर्धेतील खरे कसब होय.

विणीच्या ऐन दिवसांतील स्पर्धांबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. जिवंत सोडलेल्या माशांपैकी काही पुढील दिवसांत दगावतात आणि पाणी जितके उष्ण तितके हे प्रमाण वाढते. या दृष्टीने पाहता, थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळत असल्याने वसंतातील स्पर्धा उन्हाळ्यातील स्पर्धांपेक्षा माशाला सोसवणाऱ्या आहेत. परंतु नर घरट्यावरून उचलला गेला की सनफिशसारखे लहान मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात, आणि वजनासाठी कित्येक किलोमीटर दूर नेऊन सोडलेला नर वेळेत परतण्याची शक्यता नसते. म्हणजे जो ऋतू त्या एका माशाला जगवतो, तोच त्याच्या पिलांना महाग पडतो. लांब हंगाम आणि भरपूर वीण असलेल्या दक्षिणेकडील मोठ्या जलाशयांत ही हानी भरून निघते असे अनेकांचे म्हणणे आहे; उलट वीण थोड्या दिवसांत आटोपणाऱ्या थंड प्रदेशांत सावधगिरी अधिक असून, कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत जूनच्या उत्तरार्धापर्यंत बास पकडण्यावर बंदी असते.

यावरचा एक व्यवहार्य मार्ग ‘मेजर लीग फिशिंग’ या संस्थेने रूढ केला आहे. तिच्या प्रमुख मालिकेत पंच नावेतच बसलेला असतो, किमान वजनाच्या वरचा प्रत्येक मासा तेथल्या तेथे तोलून लगेच पाण्यात सोडला जातो आणि बेरीज दिवसभराच्या सर्व माशांची होते. यात टाकीतील कोंडी आणि लांबचा प्रवास दोन्ही टळतात, घरट्यावरचा नर थोड्याच वेळात आपल्या जागी परतू शकतो. मात्र हजारो प्रेक्षकांसमोर मंचावर पिशवीतून मासे काढून तोलण्याचा जो सोहळा क्लासिकसारख्या स्पर्धांचा प्राण आहे, तो या पद्धतीत उरत नाही. पाच माशांच्या नियमाने स्पर्धकाला निवड शिकवली, जिवंत सोडण्याच्या नियमाने जबाबदारी शिकवली. निदान ऐन विणीच्या आठवड्यांत वजनकाटाच माशापर्यंत नेणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी ठरेल, आणि त्यासाठी आयोजकांना मंचावरच्या गर्दीचा मोह थोडा आवरावा लागेल.