अमावास्येचे आकाश आणि आपली दुर्बीण

तथागतांच्या धम्माला ‘एहिपस्सिको’ असे विशेषण लावले जाते. ‘या आणि स्वतः पाहा’ असा त्याचा आशय. ऐकीव गोष्टीवर न विसंबता पडताळून पाहण्याची ही शिकवण ज्या शाळेच्या पायाशी आहे, तिच्या विज्ञानकक्षात दुर्बीण असावी, अशी इच्छा अनेक माजी विद्यार्थी आणि पालक व्यक्त करतात. हे दान कष्टाच्या पैशातून येते. ते कपाटात धूळ खात पडू नये, यासाठी दुर्बीण कशी निवडावी याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

चंद्रावरील विवरे, गुरूचे चार मोठे चंद्र आणि शनीची कडी कोणतीही बऱ्यापैकी लहान दुर्बीण दाखवते. खरी परीक्षा असते ती दूरस्थ आकाशातील वस्तूंची, म्हणजे तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका यांची. या वस्तू लहान असतात म्हणून दिसत नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. देवयानी दीर्घिकेचा आकाशातील विस्तार पूर्णचंद्राच्या सुमारे सहापट लांब आहे. ती डोळ्यांना सहज जाणवत नाही, कारण ती अत्यंत मंद आहे. तेव्हा येथे गरज असते ती अधिक प्रकाश गोळा करण्याची. प्रतिमा किती मोठी दिसते, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुर्बीण किती प्रकाश गोळा करते, हे तिच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे 7 मिलिमीटर उघडते. 150 मिलिमीटर व्यासाचा आरसा तिच्या सुमारे साडेचारशेपट प्रकाश गोळा करतो, तर 60 मिलिमीटरच्या भिंगाच्या तुलनेत सव्वासहापट. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा तो व्यासाचा. खोक्यावर ‘525 पट मोठे दिसेल’ असे छापलेले असेल, तर सावध व्हावे. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे फार तर दोनपट विशालन उपयोगी पडते. 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा त्यामुळे 120 पटींच्या आसपासच येते. त्यापुढे प्रतिमा केवळ फुगते, धूसर होते आणि काळवंडते.

दुर्बिणींचे मुख्य प्रकार दोन. भिंगाची दुर्बीण हाताळायला सोपी, परंतु मोठ्या व्यासाचे चांगले भिंग महाग पडते. आरशाच्या दुर्बिणीत अंतर्वक्र आरसा प्रकाश एकवटतो. त्याच पैशात येथे अधिक व्यास मिळतो. ही दुर्बीण साध्या लाकडी बैठकीवर बसवली की तिला ‘डॉब्सोनियन’ म्हणतात. हे नाव जॉन डॉब्सन (1915–2014) यांच्यावरून पडले. ते सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून ते आरसे बनवत आणि पुठ्ठ्याच्या नळ्या व प्लायवूड वापरून दुर्बिणी उभारत. 1967 साली मठ सोडल्यानंतर त्यांनी शहराच्या पदपथांवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवणे हेच आपले कार्य मानले. सर्वांसाठी बनलेले हे साधन निवासी शाळेच्या प्रकृतीशी जुळणारे आहे.

आमची शिफारस अशी की, शाळा किंवा विहारासाठी 150 मिलिमीटर, म्हणजे सहा इंची, डॉब्सोनियन घ्यावी. तिचे नाभीय अंतर बहुधा 1200 मिलिमीटर असते. नाभीय अंतराला नेत्रिकेच्या अंतराने भागले की विशालन मिळते: 25 मिलिमीटरच्या नेत्रिकेने 48 पट, 10 मिलिमीटरच्या नेत्रिकेने 120 पट. आरंभी या दोन नेत्रिका पुरेशा आहेत. आठ इंची दुर्बीण सुमारे पावणेदोनपट प्रकाश देते. मात्र ती अधिक जड असते आणि मुलांना रोज आतबाहेर करणे अवघड जाते. वस्तू आपोआप शोधणाऱ्या संगणकीय दुर्बिणीत बराच पैसा यंत्रणेवर खर्च होतो आणि तिला वीज लागते. शिवाय नकाशा पाहून, ताऱ्यामागून तारा ओलांडत इच्छित स्थळी पोहोचण्याचे शिक्षणही हुकते. तिवई किंवा बैठक डळमळीत असेल, तर उत्तम आरसाही व्यर्थ ठरतो. म्हणून खरेदीपूर्वी नळीला हलकी टिचकी मारून प्रतिमा लवकर स्थिरावते का, हे अवश्य पाहावे.

ज्या कुटुंबाला घरापुरतेच साधन हवे आहे, त्यांनी दुर्बिणीची घाई न करता 10×50 ची द्विनेत्री घ्यावी. कृत्तिकांचा गुच्छ, कर्क राशीतील मधमाश्यांचे पोळे आणि देवयानी दीर्घिका तिच्यातून उत्तम दिसतात.

साधनाइतकेच महत्त्व अंधाराचे. शहरातील आठ इंची दुर्बिणीपेक्षा अंधाऱ्या माळावरची सहा इंची दुर्बीण दीर्घिका अधिक चांगली दाखवते. विदर्भातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला 2024 साली देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, तो या अंधाराच्या जपणुकीमुळेच. आपण पौर्णिमेला विहारात एकत्र येतो. परंतु चंद्रप्रकाशात मंद वस्तू लोपतात. आकाशदर्शनासाठी उत्तम रात्र अमावास्येची. जिला समाज अजूनही अशुभ मानतो, त्याच रात्री मुलांनी निर्भयपणे अंगणात येऊन आकाश पाहावे, यापरते अंधश्रद्धा निर्मूलन कोणते? त्या रात्री वसतिगृहाचे दिवे मालवावेत, डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास अर्धा तास द्यावा आणि विजेरीवर लाल कागद लावावा.

अपेक्षाही वास्तव असाव्यात. पुस्तकांतील रंगीत चित्रे कॅमेऱ्याने दीर्घकाळ प्रकाश साठवून घेतलेली असतात. डोळ्याला बहुतेक तेजोमेघ राखाडी धुरासारखे दिसतात. थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली की मंद वस्तू अधिक स्पष्ट होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये देवयानी दीर्घिका, जानेवारी-फेब्रुवारीत मृग नक्षत्रातील तेजोमेघ, मार्च-एप्रिलमध्ये मधमाश्यांचे पोळे आणि मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा विशाल तारकागुच्छ पाहावा. युरोपातील बहुतेक देशांतून तो दिसतच नाही. आपल्याला तो सहज लाभतो.

दोन दक्षता मात्र अनिवार्य आहेत. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये. क्षणार्धात दृष्टी जाऊ शकते. नेत्रिकेवर बसवायचा स्वस्त सौरफिल्टर उष्णतेने तडकू शकतो, तो वापरूच नये. तसेच पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते. नळी झाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या जागी ठेवावी.

शेवटी एक विनंती. खरेदीपूर्वी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ अशा संस्थांच्या आकाशदर्शनास जाऊन निरनिराळ्या दुर्बिणींतून प्रत्यक्ष पाहावे. आणि जो माजी विद्यार्थी दुर्बीण देईल, त्याने वर्षातून एखादी अमावास्येची रात्रही शाळेला द्यावी. देवयानी दीर्घिकेतून 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश मुलांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचवायचा, तर नळी कोणत्या दिशेला वळवायची हे सांगणारे कोणी तरी त्यांच्याजवळ उभे असावे लागते.